एकच वसाहत पाहायची तर कुठली? एफ्राटा, हॅनकॉक, इकॉनॉमी, ओनायडा की अमाना

अमेरिकेत मुलांकडे आलेल्या आई-बाबांना दाखवायच्या जागांची यादी ठरलेली असते: नायगारा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, जमलं तर ग्रँड कॅन्यन. या यादीत एक शनिवार-रविवार वेगळ्या प्रकारच्या जागेसाठी राखून ठेवावा, असं मला मनापासून वाटतं. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत धर्मश्रद्धेच्या पायावर कितीतरी सामुदायिक वसाहती उभ्या राहिल्या. तिथल्या माणसांनी जमीनजुमला एकत्र केला, स्वतःच्या नावावर काही ठेवलं नाही, आणि देवाचं राज्य रोजच्या कामातून इथेच उभं करायचं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कष्ट उपसले. कुणी लग्न सोडलं, कुणी घरातली चूल सोडली, आणि एका वसाहतीने तर नवरा-बायको ही जोडीच मोडीत काढली.

यातल्या पाच वसाहती आज चांगल्या अवस्थेत पाहायला मिळतात. पेनसिल्व्हेनियातलं एफ्राटा, मॅसॅच्युसेट्समधलं शेकर पंथाचं हॅनकॉक, पिट्सबर्गजवळचं इकॉनॉमी, न्यूयॉर्क राज्यातलं ओनायडा आणि आयोवातली अमानाची सात गावं. पाचही एका सुट्टीत होत नाहीत, दोनच झाल्या तरी खूप. म्हणून निवड करावी लागते, आणि त्या निवडीसाठी हा लेख.

माझा निकष आधी सांगतो. संस्थापकाचं तत्त्वज्ञान काय होतं, यावरून निवड करू नका. ते वाचून कळतं, त्यासाठी प्रवास लागत नाही. प्रत्यक्ष जाऊन कळतं ते हे, की माणसं कशावर झोपत होती, स्वयंपाक कोण करत होतं, लहान मुलं रात्री कुठे असायची, लग्नाचं काय व्हायचं आणि पैसा कुणाच्या हातात होता. या पाचही ठिकाणी श्रद्धा वेळापत्रकात आणि फर्निचरमध्ये उतरली होती. ते पाहण्यातच खरी गंमत आहे आणि खरी अस्वस्थताही.

कुठून किती लांब

न्यू जर्सी किंवा फिलाडेल्फियाकडे राहणाऱ्यांना एफ्राटा सर्वांत सोयीचं. लँकेस्टर काउंटीत अमिश लोकांची शेतं आणि घोडागाड्या बघायला बरेच जण जातात, एफ्राटा त्याच काउंटीत आहे. दोन्हींची गल्लत मात्र करू नये. अमिश माणूस लग्न करतो, त्याची स्वतःची शेती असते, भरपूर मुलं असतात. एफ्राटाची मंडळी अगदी दुसऱ्या टोकाची होती. हॅनकॉक हे पिट्सफील्डजवळ, बर्कशायरच्या डोंगरात आहे, बॉस्टन आणि न्यूयॉर्क दोन्हीकडून गाडीने जाण्यासारखं. ओनायडा सिरॅक्यूज आणि युटिका यांच्या मधे पडतं, त्यामुळे नायगाऱ्याच्या वाटेवर थांबता येतं. इकॉनॉमी आजच्या अँब्रिज गावात, पिट्सबर्गपासून तासाभराच्या आत. पिट्सबर्गच्या बालाजीच्या दर्शनाला जाणारी मराठी कुटुंबं कितीतरी आहेत, त्यांना अर्धा दिवस जास्त काढला की हे होऊन जातं. अमाना शिकागोहून साधारण चार तासांवर, सीडर रॅपिड्स आणि आयोवा सिटीच्या जवळ. तिथे मुद्दाम जावं लागतं.

झोप, दार आणि जिना

एफ्राटात सगळ्यांत आधी मान खाली घालावी लागते. दारं बुटकी, बोळ अरुंद. वाकल्याशिवाय आत जाता येऊ नये, अशीच ती रचना. कॉनराड बाइसेल हा जर्मनीतून आलेला गूढवादी १७३२ साली कोकॅलिको ओढ्याच्या काठी एकांतात राहायला आला आणि बघता बघता त्याच्याभोवती माणसं जमली. ब्रह्मचारी बंधू, ब्रह्मचारिणी भगिनी आणि आसपास शेती करणारी विवाहित कुटुंबं, अशी तिहेरी वसाहत झाली. भरभराटीच्या काळात सगळे मिळून सुमारे ३०० जण होते. बंधू-भगिनी पांढरे झगे घालत. झोपायला जेमतेम १५ इंच रुंदीचं लाकडी बाक आणि उशीच्या जागी लाकडाचा ठोकळा. रात्री नऊला पडायचं, बाराला उठायचं, दोन वाजेपर्यंत येशूच्या पुनरागमनाची वाट पाहत प्रार्थना आणि गायन, मग पाचपर्यंत पुन्हा झोप. जेवण दिवसातून एकदा, बहुतांशी शाकाहारी.

हे वाचताना हा निव्वळ देहदंड वाटतो. पण याच माणसांनी त्या काळच्या अमेरिकेतलं अत्यंत देखणं जर्मन सुलेखन केलं, आणि बाइसेलने स्वतःची संगीतपद्धती रचून अनेक आवाजांतली भजनं बसवली. आवाज शुद्ध राहावा म्हणून गाणाऱ्यांचं पथ्य आणखी कडक होतं, मांसच काय, दूध आणि अंडीही वर्ज्य. इथल्या छापखान्यात १७४८ साली ख्रिस्ती हुतात्म्यांच्या चरित्रांचा जो ग्रंथ छापला गेला तो सुमारे १५०० पानांचा आहे, वसाहतकाळातल्या अमेरिकेतलं ते सर्वांत मोठं पुस्तक. पंधरा माणसं तीन वर्षं त्या कामात होती. अर्धपोटी आणि अर्धझोपेत हे काम झालं, हे लक्षात ठेवून तिथले हस्तलिखित नमुने पाहावेत.

हॅनकॉकला गेलात की वेगळाच प्रकार. दारं रुंद, खोल्या उजेडाने भरलेल्या, भिंतीभर खुंट्या. पण दारं दोन आणि जिनेही दोन. एक पुरुषांसाठी, एक बायकांसाठी. शेकर पंथाची प्रवर्तक अॅन ली, इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या गिरणी-वस्तीत वाढलेली, १७७४ साली आठ अनुयायी घेऊन न्यूयॉर्कला उतरली. लिहिता-वाचता न येणारी, चारही मुलं गमावलेली ही बाई. स्त्री-पुरुष संबंध हेच पापाचं मूळ, असा तिचा ठाम विश्वास होता. १७८४ मध्ये ती गेली, आणि तिच्यामागे जोसेफ मीचम आणि लुसी राइट यांनी पंथाची घडी बसवली. स्त्री आणि पुरुष एकाच मोठ्या घरात, त्याला ते 'कुटुंब'च म्हणत, पण सर्व भाऊ-बहीण म्हणून. हॅनकॉकचं १८३० मधलं विटांचं घर सुमारे १०० जणांसाठी बांधलं होतं. पहाटे साडेचार-पाचला घंटा, अंथरूण आवरणं, ठरलेली कामं, शांतपणे जेवण, ताटात काही टाकायचं नाही. खुर्च्या उलट्या करून खुंटीला टांगायच्या, म्हणजे केर काढायला जमीन मोकळी. पलंगांना चाकं, तीही त्याचसाठी.

मग स्त्री-पुरुषांनी बोलायचंच नाही का? बोलायचं, पण ठरलेल्या वेळी. आठवड्यातून काही संध्याकाळी भाऊ एका रांगेत आणि बहिणी समोरच्या रांगेत, मधे काही फुटांचं अंतर, आणि तासभर गप्पा. या बैठकांची कल्पना मला फार बोलकी वाटते. मोह टाळायचा, पण माणूस तोडायचा नाही, याची ती तडजोड होती. सगळी दडपलेली ऊर्जा मग रविवारच्या प्रार्थनेत नाचातून बाहेर येई. ओळीने, वर्तुळात, थरथरत, गात. बाहेरचे लोक ते बघायला गाड्या जोडून येत.

फक्त वस्तूंचं सौंदर्य तुम्हाला खेचत असेल तर इथेच निर्णय करून टाका, हॅनकॉकला तोड नाही. तिथला १८२६ मधला दगडी गोल गोठा हा एकच पुरेसा आहे. पन्नासेक गायी वर्तुळात, सगळ्यांची तोंडं मध्याकडे. सुक्या गवताची गाडी उतारावरून वरच्या मजल्यावर चढते, वरूनच गवत मधल्या खोल भागात टाकायचं, आणि एकटा माणूस मधे उभा राहून सगळ्या गायींना वैरण घालू शकतो. वासाचा, हवेचा, शेणाचा असा सगळ्यांचा विचार केलेला. बियाणं छोट्या कागदी पाकिटांत घालून गावोगाव विकण्याचा धंदा शेकर लोकांनी भरभराटीला आणला. सपाट, रुंद झाडूचं श्रेय वॉटरव्हलीट या दुसऱ्या शेकर वसाहतीतल्या थिओडोर बेट्सला देतात. औषधी वनस्पती, अंडाकृती लाकडी डबे, सरळ पाठीच्या खुर्च्या, सगळं बाजारात विकलं जाई आणि 'शेकर माल' म्हणजे खात्रीचा माल असं नाव होतं.

चूल कुणाची

स्वयंपाकाबद्दल मात्र अमानासमोर बाकी सगळं फिकं.

अमानाची मंडळी म्हणजे जर्मनीतला 'खऱ्या अंतःप्रेरणेचा समुदाय'. देव आजही एखाद्या माणसाच्या मुखातून बोलतो, ही त्यांची श्रद्धा. अशा माणसाला ते देवाचं साधन मानत. ख्रिश्चन मेट्झ हा असाच एक. त्याच्या नेतृत्वाखाली ते १८४३ च्या सुमारास बफलोजवळ आले, शहर अंगावर येऊ लागलं तसे १८५५ पासून आयोवात हलले. २६,००० एकर जमीन आणि सात गावं, एकमेकांपासून बैलगाडीच्या अंतरावर.

या सात गावांत घरं होती, घरात कुटुंबं होती, आई-वडील-मुलं एकत्र राहत होती. फक्त घरात स्वयंपाकघर नव्हतं. १९०० च्या आसपास सातही गावांत मिळून पन्नासहून अधिक सामुदायिक मुदपाकखाने होते, आणि प्रत्येकात तीस-चाळीस माणसं जेवत. मुदपाकखान्याची प्रमुख एक बाई असायची, तिचं बिऱ्हाड त्याच इमारतीत. दोन-तीन एकरांची भाजीची बाग, तिची वेगळी प्रमुख. मुलगी चौदाव्या वर्षी शाळेतून बाहेर पडली की तिचं नाव मुदपाकखान्यात लागलंच. सकाळी सहाला न्याहारी, नऊला खाणं, साडेअकराला जेवण, तीनला पुन्हा खाणं, सहाला रात्रीचं जेवण. पुरुषांची टेबलं वेगळी, बायकांची वेगळी. आधी प्रार्थना, नंतर प्रार्थना, मधे फारसं न बोलता पंधरा-वीस मिनिटांत जेवण उरकायचं.

भांडी घासून उठेपर्यंत पुढच्या खाण्याची तयारी. बटाटे सोलायचे पिंपभर, कोबी चिरून खारवायचा पिंपभर, साबण घरचा, पाव गावच्या भट्टीचा. बाई बाळंत झाली की तिला मूल दोन वर्षांचं होईपर्यंत या कामातून सुटका, आणि तिचं जेवण टोपलीतून घरी. मग मूल बालवर्गात आणि आई पुन्हा कामावर.

आपल्याकडे ज्यांनी एकत्र कुटुंबात चाळीस-पन्नास पानांच्या पंगती वाढल्या आहेत, त्या आजीला किंवा आईला मिडल अमानातलं सामुदायिक स्वयंपाकघराचं संग्रहालय नक्की दाखवा. १९३२ पर्यंत ते चालू होतं आणि बरंचसं तसंच ठेवलं आहे. तिथली विटांची लांबलचक चूल, कढया, मोठमोठ्या चाळण्या बघून तिला जे दिसेल ते मला कितीही वाचून दिसायचं नाही.

बाकी चार ठिकाणी चुलीचं काय होतं? शेकर बहिणी पाळीपाळीने स्वयंपाकघरात, धुण्याच्या खोलीत, शिवणात काम करत, म्हणजे एकीच्याच माथी जन्मभर चूल नाही, हे मोठंच. पंथाच्या नेतृत्वात स्त्री आणि पुरुष बरोबरीने असत, आणि लुसी राइट १७९६ पासून १८२१ पर्यंत सगळ्या पंथाची प्रमुख होती. त्या काळात अमेरिकेत जवळजवळ कुठल्याच बाईला मताचा अधिकार नव्हता, हे ध्यानात घेतलं की याचं मोल कळतं. तरीही शेत, सुतारकाम पुरुषांकडे आणि रांधणं-धुणं बायकांकडे, ही विभागणी शेवटपर्यंत टिकली. अमानात बायकांना वडीलधाऱ्यांच्या मंडळात जागा नव्हती. पण बार्बरा हाइनमन ही एकेकाळची मोलकरीण देवाचं साधन मानली गेली. मेट्झनंतर तिचाच शब्द चालला आणि १८८३ मध्ये ती गेल्यावर तसं दुसरं कुणी झालं नाही. ओनायडात पुरुषांनीही स्वयंपाकघरात हात लावला आणि बायका कारखान्यात, हिशेबात बसल्या. बायकांनी केस आखूड कापले, आखूड घागऱ्याखाली विजार घातली, कारण लांब घागऱ्यात काम होत नाही. कपड्यांपुरतं तरी ओनायडा बाकी सगळ्यांच्या पन्नास वर्षं पुढे होतं.

लग्न आणि मुलं

इथे पाचही वसाहती खऱ्या अर्थाने वेगळ्या होतात, आणि इथेच तुम्हाला ठरवावं लागेल की तुमच्या घरच्यांना काय झेपेल.

अमानात लग्न चालत होतं, पण त्याला कमीपणा होता. लग्न करणाऱ्यांना थांबायला लावत आणि लग्नानंतर त्यांची प्रार्थनासभेतली पायरी खाली उतरे. इकॉनॉमीचा संस्थापक जॉर्ज राप हा जर्मनीतल्या व्युर्टेंबर्गमधून आलेला विणकर. त्याच्या समुदायाने १८०७ पासून ब्रह्मचर्य स्वीकारलं, पण घरं तशीच ठेवली. नवरा-बायको एकाच छताखाली बहीण-भावासारखे. शेकर आणि एफ्राटाचं वर आलंच आहे.

ओनायडाचा जॉन हम्फ्री नॉयस म्हणाला की स्वर्गात लग्न नाही म्हणजे एकाने एकाचं असणं नाही. १८४८ पासून तीस वर्षं तिथले सुमारे ३०० जण या समजुतीवर जगले. प्रत्येक पुरुष प्रत्येक स्त्रीचा, प्रत्येक स्त्री प्रत्येक पुरुषाची. मागणी तिऱ्हाइतामार्फत घालायची, बाईला नकाराचा हक्क, आणि मूल होऊ नये याची जबाबदारी पुरुषावर. दोघं एकमेकांत फार गुंतले तर ते 'खास प्रेम' म्हणून दोष. रोज संध्याकाळी मोठ्या दालनात सभा. दोष काढायची रीतही ठरलेली: एकाने गप्प बसायचं आणि बाकीच्यांनी त्याचे दोष तोंडावर सांगायचे.

याचं कौतुक करणारे आजही भेटतात. मला ते करवत नाही. वयात येणाऱ्या मुलींना या व्यवस्थेत आणण्याचं काम वयाने कितीतरी मोठे पुरुष, बहुतेकदा स्वतः नॉयस, करत. कितीही अध्यात्म सांगितलं तरी तो अत्याचारच होता. १८६९ नंतर कुणी कुणापासून मूल जन्माला घालायचं हे ठरवणारी योजना आली आणि त्यातून दहा वर्षांत ५८ मुलं जन्मली. दूध सुटल्यावर थोड्याच काळात मूल बालगृहात जाई. आईने भेटायला यायचं, पण लळा वाढला असं वाटलं तर भेटी बंद. बाहुल्यांमुळे मुलींमध्ये आईपणाची आसक्ती वाढते, असं ठरवून एकदा त्यांच्या बाहुल्या शेगडीत जाळल्या गेल्या. हे मी मुद्दाम लिहितो आहे. तिथली भव्य विटांची हवेली, ग्रंथालय, हिरवळ इतकी प्रसन्न आहे की हे आधी माहीत नसेल तर माणूस नुसता भारावून बाहेर येतो.

शेकर वसाहतींत मुलं जन्मत नव्हती, येत होती. अनाथ मुलं, गरिबीने सोडलेली मुलं, आई-वडिलांबरोबर आलेली मुलं. त्यांना चांगलं जेवण, शाळा, एखादं कसब मिळे आणि २१ व्या वर्षी राहायचं की जायचं हे ती स्वतः ठरवत. बरीचशी निघून जात. पण याला दुसरी बाजूही आहे. १८१४ मध्ये युनिस चॅपमनचा नवरा तिची तीन मुलं घेऊन शेकरांकडे गेला, आणि त्या काळच्या कायद्याने मुलांवर हक्क बापाचा. ती बाई न्यूयॉर्कच्या विधिमंडळापर्यंत भांडली, १८१८ मध्ये खास कायदा करवून घटस्फोट मिळवला आणि मुलं परत आणली. शेकर खुर्चीची सुबक रेघ पाहताना तिलाही आठवावं.

या बाबतीत मला अमानाच माणसासारखं वाटतं. मुलं रात्री आई-वडिलांपाशी झोपत होती. शाळा आठवड्याचे सहा दिवस, जवळजवळ वर्षभर, आणि विणकाम मुलग्यांनाही शिकवत.

पैसा आणि शेवट

पैशाचा प्रश्न एफ्राटात सर्वांत आधी पेटला. एकरलिन बंधूंनी गिरण्या, कारखाने भरभराटीला आणले. वसाहत श्रीमंत होऊ लागली तशी बाइसेलला त्यात अहंकार दिसला आणि १७४५ मध्ये त्यांना बाहेर पडावं लागलं. बाइसेल १७६८ मध्ये गेला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या ब्रँडिवाइनच्या लढाईनंतर १७७७-७८ च्या हिवाळ्यात जखमी आणि आजारी सैनिकांसाठी इथे इस्पितळ झालं. शेवटची ब्रह्मचारिणी १८१३ मध्ये गेली.

राप मंडळी पैशात सगळ्यांच्या वरचढ. आधी पेनसिल्व्हेनियातलं हार्मनी, १८१४ पासून इंडियानातलं न्यू हार्मनी. ते गाव त्यांनी ब्रिटिश समाजसुधारक रॉबर्ट ओवेनला विकलं आणि त्याचा सामुदायिक जीवनाचा धर्मविरहित प्रयोग दोन-तीन वर्षांत कोलमडला. मग इकॉनॉमी. लोकर, रेशीम, दारू, पुढे रेल्वे आणि तेलात गुंतवणूक. १८३२ मध्ये जर्मनीहून आलेल्या एका स्वयंघोषित 'काउंट'च्या नादाने तिसरा हिस्सा माणसं फुटून गेली. ब्रह्मचर्यामुळे उरलेली म्हातारी होत गेली आणि १९०५ मध्ये संस्था विसर्जित झाली. इकॉनॉमीत रापचं घर, बाग, सगळ्या समुदायाला एकत्र जेवता येईल असं मेजवानीचं दालन बघण्यासारखं आहे. पण रोजच्या माणसाचं जगणं तिथे इतर ठिकाणांएवढं हाताला लागत नाही, असं माझं मत. जवळून जात असाल तर जा, त्यासाठी वेगळी सहल आखू नका.

ओनायडाने सापळे विकले, जनावरं पकडण्याचे पोलादी सापळे, आणि त्यावर श्रीमंत झाले. पुढे रेशीम, डबाबंद फळं आणि काटे-चमचे. १८७९ च्या जूनमध्ये अटकेच्या भीतीने नॉयस रातोरात कॅनडाला निघून गेला, ऑगस्टमध्ये ती विवाहपद्धती बंद झाली आणि १८८१ मध्ये समुदायाची भागधारकांची कंपनी झाली. ज्या काटे-चमच्यांवर आज अमेरिकन घरांत ओनायडा हे नाव दिसतं, ते हेच. १९४७ मध्ये समुदायाच्या खासगी कागदपत्रांचा मोठा साठा जाळून टाकण्यात आला, त्यामुळे संग्रहालयात बरंच काही सांगितलं जातं तरी मधल्या जागा रिकाम्याच राहतात.

अमानात प्रत्येकाच्या नावाने गावच्या दुकानात वर्षाची रक्कम मांडलेली असे. कापड, चपला, तंबाखू त्यातून. रोख हातात नाही. आठवड्याला अकरा प्रार्थनासभा. ही व्यवस्था आयोवाच्या मातीत जवळजवळ ७७ वर्षं चालली. १९२३ मध्ये गिरण्यांना मोठी आग लागली, महामंदीने कंबर मोडली, तरुण पिढीला बाहेरच्या जगाची ओढ लागली. तेव्हा लोकांनी मतदान केलं आणि १९३२ मध्ये धर्मसंस्था वेगळी, व्यवसाय वेगळा करून टाकला. मुदपाकखाने बंद झाले आणि घरोघरी चुली पेटल्या. दोनच वर्षांत जॉर्ज फोर्स्टनरने तिथे शीतपेट्यांचा धंदा सुरू केला आणि १९६७ मध्ये त्याच कंपनीने घरगुती मायक्रोवेव्ह बाजारात आणला. इथे कुणी पळालं नाही, कुणी शेवटचं उरलं नाही. माणसं एकत्र बसून बदलली, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या आजही त्या गावांत राहतात, त्याच साध्या प्रार्थनागृहांत जातात.

मग काय ठरवायचं

पहिल्यांदाच जाणार असाल आणि प्रवासाची तयारी असेल, तर माझं मत अमाना. आई-बाबा बरोबर असतील तर नक्कीच. गावं पायी फिरण्यासारखी, घरांच्या भिंतींवर द्राक्षाच्या वेलींचे मांडव, आणि दफनभूमीत सगळे दगड एकसारखे, मृत्यूच्या क्रमाने लावलेले. तिथे मेट्झही वेगळा उठून दिसत नाही. एक सूचना: तिथली खाणावळ जर्मन वळणाची, मांसावर भर असलेली. शाकाहारी मंडळींनी डबा बरोबर ठेवावा किंवा आयोवा सिटीत जेवून निघावं.

दहा-बारा वर्षांची मुलं असतील तर हॅनकॉक. गोठा, जनावरं, सुतारकामाची प्रात्यक्षिकं यात त्यांचा दिवस जातो. चित्रकलेची, वास्तुकलेची आवड असणाऱ्यांनीही तिथेच जावं. हॅनकॉकच्या हॅना कोहूनने १८५४ मध्ये काढलेलं जीवनवृक्षाचं चित्र, तिला दर्शनात दिसलं तसं, पाहण्याजोगं आहे. दक्षिणेकडे राहणाऱ्यांनी हॅनकॉकऐवजी केंटकीतलं प्लेझंट हिल निवडावं. शेकरांच्याच इमारतीत रात्री मुक्काम करता येतो, आणि मिकेजा बर्नेटने बांधलेले दोन गोल जिने तिथे आहेत, जोडीने वर चढणारे.

एफ्राटा दोन-तीन तासांत होतं, त्याला पूर्ण दिवस नको. गाण्याचा कान असलेल्यांनी ते चुकवू नये. ओनायडा मोठ्यांसाठी. लहान मुलांना घेऊन तिथला मार्गदर्शित फेरफटका अवघड जाईल, कारण प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. पण चार मित्र मिळून गेलात आणि हवेलीतच रात्र काढलीत तर बोलायला विषय कमी पडणार नाही.

हिवाळ्यात यातल्या बहुतेक ठिकाणी वेळा कमी असतात, काही भाग बंदही असतात. मे ते ऑक्टोबर उत्तम. आणि मेन राज्यात जाणं झालंच तर न्यू ग्लॉस्टरजवळचं सॅबथडे लेक विसरू नका. शेकर पंथाची ही एकमेव जिवंत वसाहत, सदस्य हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. रविवारची प्रार्थना बाहेरच्यांसाठी खुली ठेवण्याची तिथे जुनी रीत आहे. जाण्याआधी फोन करून विचारून घ्या, आणि आत गेल्यावर पुरुषांनी पुरुषांच्या बाजूला, बायकांनी बायकांच्या बाजूला बसा.